पंक्तीस बसण्याचा हक्क

परमुलखांत पाऊल ठेवणाऱ्या माणसापुढें दोन प्रश्न प्रथम उभे राहतात: रात्रीं निजावयाचें कोठें, आणि जेवावयाचें कोठें? स्वदेशीं या प्रश्नांचीं उत्तरें आप्त, सोयरे आणि जातभाई देतात. परदेशीं तीं हॉटेलवाल्याकडून मिळवावीं लागतात. एखादें शहर कोणास आपलें मानतें आणि कोणास परकें, हें खाणावळीच्या दारांत उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसास फार लवकर कळतें. दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्ग शहरांत एका हिंदी बॅरिस्टरास हा अनुभव १८९३ सालीं आला, आणि त्यास हॉटेलच्या दारांतून परत फिरावें लागलें. १९१२ सालीं त्याच शहरांत सुमारें १५० युरोपियन त्याच्या बांधवांच्या पंक्तीस जेवावयास बसले. या दोन प्रसंगांच्या मधल्या १९ वर्षांचें राजकारण इतिहासाच्या पुस्तकांत नमूद झालेलें आहे. परंतु त्या राजकारणाचा एक धागा जेवणाच्या टेबलावरून गेलेला आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

जोहान्सबर्ग हें कांहीं प्राचीन नगर नव्हे. १८८६ सालीं विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेंत सोनें सापडलें आणि उघड्या माळावर तंबू पडले. दहा वर्षें लोटतात तोंच त्या तंबूंच्या जागीं लाखभर वस्तीचें शहर उभें राहिलें. नाना देशांचे लोक तेथें नशीब काढण्यास आले. त्यांतील पुष्कळांचा संसार मागें मायदेशींच राहिलेला. तेव्हां घरच्या चुलीची जागा हॉटेलांनीं व खाणावळींनीं घेतली. जवळजवळ प्रत्येकजण तेथें परका होता. पण परक्यापरक्यांतही भेद होता. गोऱ्या परक्यानें पैसे टाकले कीं त्यास टेबल मिळे. सांवळ्या परक्यास तें पैसे टाकूनही मिळत नसे. आणि ज्यांची ती भूमि, त्या आफ्रिकन लोकांस तर आपल्याच देशांतील या शहरांत केवळ मजूर किंवा चाकर म्हणून थारा होता.

हिंदी लोक दक्षिण आफ्रिकेंत १८६० पासून येऊं लागले होते. नाताळ प्रांतांतील उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं गिरमिटिये मजूर नेण्यांत आले; त्यांच्या मागोमाग गुजराथी, मेमण आणि कोंकणी मुसलमान व्यापारी गेले, आणि कांहीं नाताळची सीमा ओलांडून बोअर लोकांच्या ट्रान्सवालमध्यें शिरले. तेथें १८८५ च्या कायद्यानें त्यांस नागरिकत्वाचे हक्क नाकारण्यांत आले, आणि जमीनजुमला करावयाचा तर तो नेमून दिलेल्या वस्तींतच, असें ठरविण्यांत आलें. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटनें यापुढेंही मजल मारली. तेथें हिंदी मनुष्यास राहावयाचें झाल्यास हॉटेलांत वाढप्याचें अथवा तत्सम हलकें काम करूनच राहतां येत असे. त्यानें हॉटेलांत खुशाल यावें, परंतु ताट हातांत घेऊन यावें. ताटावर बसूं नये, असाच या कायद्याचा सरळ अर्थ होता.

अशा या मुलखांत १८९३ च्या मे महिन्यांत मोहनदास करमचंद गांधी डरबनच्या बंदरांत उतरले. वय २३ वर्षांचें, अंगावर विलायती पोषाख, खिशांत बॅरिस्टरची सनद. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचा दावा प्रिटोरियास चालूं होता. त्यासाठीं त्यांस तिकडे जावयाचें होतें. वाटेंत पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाच्या डब्यांतून त्यांस खालीं उतरविण्यांत आलें, आणि पुढें घोड्यांच्या टपालगाडीवर मारहाण झाली, हें सर्वश्रुतच आहे. जोहान्सबर्गास पोहोंचल्यावर जें घडलें त्याची आठवण मात्र त्या मानानें थोड्यांस असते. त्यांस उतरून घेण्यास आलेल्या माणसाची व त्यांची चुकामूक झाली. तेव्हां त्यांनीं भाड्याची गाडी केली, आणि ग्रँड नॅशनल या हॉटेलचें नांव गाडीवानास सांगितलें. तेथील व्यवस्थापकानें क्षणभर त्यांस न्याहाळलें, आणि खोली शिल्लक नसल्याबद्दल मोठ्या सौजन्यानें दिलगिरी प्रदर्शित केली. गांधीजी मुकाट्यानें गाडींत बसले आणि महंमद कासम कमरुद्दीन यांच्या दुकानीं गेले. तेथें अब्दुल गनी शेट वाट पाहत होते. झालेली हकीकत ऐकून शेटजी खो खो हंसले. हॉटेलांत आपल्यास घेतील अशी कल्पना तरी या तरुणाच्या मनांत कशी आली, याचेंच त्यांस नवल वाटलें. अनेक वर्षें त्या देशांत काढलेल्या व्यापाऱ्यास अपमानाची इतकी संवय झालेली होती कीं, नवख्या माणसास त्याचा धक्का बसतो हाच त्यास विनोद वाटावा!

दुसऱ्या दिवशीं रात्रीं प्रिटोरियास तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला. स्टेशनावर भेटलेल्या एका अमेरिकन नीग्रो गृहस्थानें त्यांस जॉन्स्टन नांवाच्या अमेरिकनाच्या लहानशा हॉटेलांत नेलें. जॉन्स्टननें एका रात्रीपुरती खोली देऊं केली, मात्र एका अटीवर: जेवण खोलींतच घ्यावें. आपल्या मनांत वर्णद्वेष नाहीं, परंतु इतर गिऱ्हाइकें रागावून निघून जातील, अशी भीति त्यानें बोलून दाखविली. गांधीजींनीं अट मान्य केली आणि ते खोलींत ताटाची वाट पाहत बसले. थोड्या वेळानें ताटाऐवजीं जॉन्स्टन स्वतःच आला. पाहुण्यास एकट्यानें जेवावयास सांगितल्याची त्यास लाज वाटली होती. म्हणून त्यानें इतर मंडळींस विचारून पाहिलें, आणि त्यांपैकीं कोणाचीच हरकत निघाली नाहीं. मग गांधीजी भोजनगृहांत जाऊन पोटभर जेवले.

या दोन प्रसंगांतील अंतर मनन करण्याजोगें आहे. जोहान्सबर्गच्या व्यवस्थापकानें खोटें बोलून वेळ मारून नेली. प्रिटोरियाच्या जॉन्स्टननें गिऱ्हाइकांस विचारण्याची तसदी घेतली. जी भीति त्यास अटळ वाटत होती ती विचारतांच नाहींशी झाली. वर्णभेदाचा केवढा तरी भाग अशा न विचारलेल्या प्रश्नांवर उभारलेला असतो.

मराठी भाषेस या अपमानासाठीं नवा शब्द शोधावा लागत नाहीं. पंक्तिभेद हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे, आणि ती वस्तु शब्दाहूनही जुनी आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें ख्रिस्ती मंडळींकडे चहा घेतल्यावरून न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांवर ग्रामण्य झालें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढें दोन वर्षें धुमसत राहिला. खुद्द गांधीजींसही त्यांच्या मोढ वाणी जातीनें १८८८ सालीं विलायतेस गेल्याबद्दल बहिष्कृत केलें होतें. जातीचा हुकूम मोडूं नये म्हणून ते सासुरवाडीस किंवा बहिणीच्या घरीं पाणीसुद्धां पीत नसत. जोहान्सबर्गच्या हॉटेलवाल्यानें दार लावण्याच्या आधींच त्यांच्या स्वतःच्या मंडळींनीं एक दार लावलेलें होतें. पुढें आफ्रिकेंत जें घडत गेलें त्याचें मर्म हेंच कीं, गोऱ्यांच्या पंक्तिभेदाशीं झगडतांना तेथील हिंदी लोकांस घरचा पंक्तिभेदही मागें टाकावा लागला.

बोअर युद्ध १९०२ सालीं संपलें आणि ट्रान्सवाल इंग्रजांच्या ताब्यांत आलें. पुढल्या वर्षीं गांधीजींनीं जोहान्सबर्ग येथें वकिलीची कचेरी थाटली. मोठ्या हॉटेलांचीं दारें बंदच होतीं. परंतु त्यांच्या आहारानें त्यांस एक निराळेंच दार उघडून दिलें. लंडनमध्यें विद्यार्थी असतां फॅरिंग्डन रस्त्यावरील शाकाहारी उपाहारगृह त्यांस सांपडलें होतें. शाकाहाराचा प्रसार करणाऱ्या इंग्रजांशीं त्यांची मैत्री तेव्हांपासूनची. जोहान्सबर्गमध्येंही अशीं उपाहारगृहें निघालीं होतीं. एक होतें लुई कुन्हे याच्या जलोपचारावर श्रद्धा ठेवणाऱ्या एका जर्मन गृहस्थाचें. गांधीजी तेथें जात, इंग्रज मित्रांस घेऊन जात, आणि पैशाचीही मदत करीत. तरी तें अखेर बंद पडलें. दुसरें काढलें एका थिऑसफिस्ट बाईनें. बाई कलासक्त, हात मोठा सढळ, आणि हिशेबाची मात्र ओळख नाहीं. उपाहारगृह वाढविण्यासाठीं तिनें मदत मागितली. तेव्हां गांधीजींनीं बद्री नांवाच्या आपल्या अशिलाच्या संमतीनें त्याच्या ठेवींतून सुमारें १००० पौंड तिला दिले. दोनतीन महिन्यांतच ती रक्कम बुडाल्याचें स्पष्ट झालें. बद्री हा एके काळचा गिरमिटिया. त्याची पै न् पै गांधीजींनीं पदरची भरून दिली. सार्वजनिक कार्याच्या उत्साहांत दुसऱ्याचा पैसा गुंतवूं नये, हा धडा त्यांस जोहान्सबर्गच्या एका खाणावळीनें शिकविला आणि तो चांगलाच महाग पडला.

तथापि या खाणावळींचें ऋण त्या १००० पौंडांहून मोठें आहे. मांसाहारी समाजांत शाकाहारी गोरा हा स्वतःच थोडासा वाळींत पडल्यासारखा असतो. त्याच्या टेबलाशीं सांवळा मनुष्य येऊन बसला तर त्यास फारसें वावगें वाटत नाहीं. आपल्या चवीचा आणखी एक सोबती मिळाला, याचाच आनंद होतो. अशाच एका उपाहारगृहांत आल्बर्ट वेस्ट नांवाचा इंग्रज रोज सायंकाळीं येई. तो एका लहान छापखान्यांत भागीदार होता. जेवण आटोपल्यावर तो आणि गांधीजी बरोबर फिरावयास जात.

१९०४ च्या मार्च महिन्यांत शहरांतील हिंदी वस्तींत फुप्फुसाच्या प्लेगची सांथ उद्भवली. गांधीजी व त्यांचे सहकारी रोग्यांच्या शुश्रूषेस लागले. आपल्यामुळें इतरांस संसर्ग होऊं नये म्हणून त्यांनीं उपाहारगृहाच्या मालकास सांगून ठेवलें, आणि इतर मंडळी येण्याच्या आधींच ते जेवून निघून जाऊं लागले. ज्या गृहस्थास गोऱ्या हॉटेलांनीं कातडीच्या रंगासाठीं दूर ठेवलें होतें, तो आतां दुसऱ्यांच्या काळजीपोटीं आपण होऊन दूर राहिला. ओळखीचें माणूस टेबलावर दिसेना म्हणून वेस्ट अस्वस्थ झाला. वर्तमानपत्रांतील प्लेगसंबंधीचें गांधीजींचें पत्र त्यानें वाचलेलें होतेंच. एके दिवशीं सकाळींच त्यानें त्यांचें दार ठोठावलें, आणि शुश्रूषेसाठीं आपली सेवा देऊं केली. गांधीजींनीं त्यास निराळेंच काम सांगितलें: डरबनला जाऊन ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकाचा छापखाना सांभाळावयाचें. वेस्ट लगेच निघाला. रिकाम्या राहिलेल्या एका खुर्चीनें एका वृत्तपत्रास त्याचा आधारस्तंभ मिळवून दिला.

त्याच पत्रामुळें आणखी एक मनुष्य जवळ आला, आणि तोही शाकाहारी उपाहारगृहांतच. पलीकडल्या टेबलावर जेवत असलेल्या एका तरुणानें गांधीजींकडे आपलें कार्ड पाठवून भेटीची इच्छा दर्शविली. हाच हेन्री पोलॉक. ‘क्रिटिक’ पत्राचा उपसंपादक, वय अवघें २२ वर्षांचें. पुढें त्याच वर्षीं गांधीजी डरबनला निघाले असतां पोलॉकनें स्टेशनावर त्यांच्या हातीं रस्किनचें ‘अन्टु धिस लास्ट’ हें पुस्तक ठेवलें. २४ तासांच्या त्या प्रवासांत गांधीजींनीं तें वाचून काढलें, आणि १९०४ साल संपण्यापूर्वींच डरबनपासून १४ मैलांवर फिनिक्स आश्रमाची स्थापना झाली. ग्रँड नॅशनल हॉटेलांत गांधीजींस खोली मिळाली असती तर इतकेंच झालें असतें कीं एक पाहुणा निजला असता. शाकाहारी उपाहारगृहांत त्यांस जागा मिळाली, आणि त्यांतून मैत्री, वृत्तपत्राचा आधार आणि आश्रमाचें बीज निपजलें.

पुढें सत्याग्रहाचा काळ आला. १९०८ च्या जानेवारींत गांधीजी प्रथमच जोहान्सबर्गच्या तुरुंगांत गेले. सरकारनें तेथें त्यांस जेवूं घातलें तें मक्याच्या पिठाची लापशी. हिंदी कैद्यांस मसाला मिळावा आणि मीठ शिजतांनाच अन्नांत पडावें, अशी त्यांनीं विनंती केली. तुरुंग हें जिव्हेचे चोज पुरविण्याचें स्थान नव्हे, असें वैद्यकीय अधिकाऱ्यानें सुनावलें. १९१० सालीं हर्मन कॅलनबाख या वास्तुशिल्पज्ञ मित्रानें शहरापासून २१ मैलांवरील आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठीं दिली; हीच टॉलस्टॉय वाडी. हिंदु, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा सर्वांसाठीं तेथें एकच स्वयंपाकघर ठेवण्यांत आलें. मांसाहाराची संवय असलेल्यांनीं आपण होऊन तो सोडला. सकाळीं भाकरी आणि भाजलेल्या गव्हाची कॉफी, अकरा वाजतां भात, डाळ व भाजी, सायंकाळीं पुन्हां साधेंच कांहीं. आणि सर्वजण एका रांगेंत बसून जेवत. पुण्यांत चहाच्या पेल्यावरून उठलेलें वादळ शमून १८ वर्षें झालीं होतीं. ज्या प्रश्नावर तेथें धर्मसभा बसली, तो प्रश्न आफ्रिकेच्या माळावर कोणी उपस्थितही केला नाहीं.

१९१२ च्या ऑक्टोबरांत पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले. जोहान्सबर्गमध्यें त्यांच्या सन्मानार्थ हिंदी लोकांनीं मोठी मेजवानी दिली. ४०० पाहुण्यांस निमंत्रण होतें. त्यांपैकीं सुमारें १५० युरोपियन. हिंदी मंडळींकडून तिकिटासाठीं १ गिनी घेण्यांत आली आणि त्यांतून खर्च भागला. जेवण संपूर्णतः शाकाहारी. मद्य अजिबात नाहीं. पदार्थ १५ च्या आसपास. स्वयंपाक सर्वस्वीं स्वयंसेवकांनींच केला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तो पार पडूं शकला याचें श्रेय एका विशिष्ट वर्गास होतें. गिरमिटिया मजुरांच्या ज्या मुलांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यांपैकीं पुष्कळजण हॉटेलांत वाढप्यांचें काम करीत. त्यांस मोठ्या भोजनाची व्यवस्था कशी राखावयाची हें पाठ होतें. आयुष्यभर त्यांनीं ही विद्या गोऱ्या पाहुण्यांच्या चाकरींत वापरली. त्या रात्रीं प्रथमच ती त्यांच्या स्वतःच्या समाजाच्या आतिथ्यास कामीं आली.

पाहुणे म्हणून आलेल्या युरोपियनांस या मेजवानींत तीन गोष्टी नव्या होत्या. एक, इतक्या हिंदी लोकांबरोबर एका टेबलाशीं बसणें. दोन, केवळ शाकाहारी जेवण. तीन, मद्यावांचून मेजवानी. दारांतून परतविलेल्या माणसांनीं हॉटेलचें दार फोडलें नाहीं. त्यांनीं आपलें स्वतःचें ताट मांडलें आणि दार लावणाऱ्यांच्या भाऊबंदांस जेवावयास बोलाविलें. यजमानपण हाही एक प्रकारचा अधिकार आहे. जो दुसऱ्यास पंक्तीस बोलावूं शकतो, त्यास कोणी सहजासहजीं हीन लेखूं शकत नाहीं.

या दौऱ्यांतील आणखी एक प्रसंग मराठी मनास विशेष गोड वाटणारा आहे. जोहान्सबर्गमधील कोंकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदु यांच्यापुढें नामदारांनीं मराठींतून बोलावें, आणि आपण त्याचा हिंदुस्थानी तर्जुमा करूं, अशी सूचना गांधीजींनीं केली. गोखल्यांस हंसूं आवरेना. गांधीजींचें हिंदुस्थानी केवढ्या तोलाचें आहे हें त्यांस ठाऊक होतें. त्यांत मराठी तरी त्यांस कितपत येणार, अशी थट्टा त्यांनीं केली. परंतु त्यांनीं सूचना मान्य केली, आणि तेथून थेट झांझीबारपर्यंत अशा सभांत ते मराठींतूनच बोलले. घरापासून हजारों मैल दूर राहणाऱ्या कोंकणच्या माणसांस आपली भाषा एवढ्या थोर पुरुषाच्या मुखानें ऐकावयास मिळाली. परमुलखांतील हीही एक मेजवानीच होती.

प्रिटोरियास गोखले सरकारचे पाहुणे म्हणून ट्रान्सवाल हॉटेलांत उतरले. १९ वर्षांपूर्वीं त्याच गांवीं त्यांच्या शिष्यास खोलींत एकट्यानें जेवण्याची अट घालण्यांत आली होती. परंतु एका थोर पाहुण्यासाठीं दार उघडलें म्हणून भिंत पडली असें होत नाहीं. सामान्य हिंदी दुकानदारास त्या हॉटेलच्या पायरीचा पूर्वींइतकाच धाक राहिला. १९१३ सालीं पुन्हां सत्याग्रह झाला, १९१४ मध्यें तीन पौंडांचा कर रद्द झाला, आणि त्याच वर्षीं गांधीजींनीं आफ्रिकेचा निरोप घेतला. हॉटेलांचा आणि उपाहारगृहांचा पंक्तिभेद मात्र टिकून राहिला. १९५३ मध्यें तर सार्वजनिक सोयी वर्णावर वांटण्याचा खास कायदाच करण्यांत आला, आणि तो रद्द व्हावयास १९९० साल उजाडावें लागलें.

आणखीही एक गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास प्रामाणिकपणें पुरा होत नाहीं. १९१२ च्या त्या मेजवानीची जी हकीकत गांधीजींनीं लिहून ठेविली आहे, तींत युरोपियन आणि हिंदी यांचा उल्लेख आहे. ज्यांच्या भूमीवर तें टेबल मांडलें होतें त्या आफ्रिकनांचा नाहीं. पंक्ति वाढली होती, परंतु ती पुरी झाली नव्हती. तिच्यांत उरलेल्या जागा भरावयास त्या देशास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला. जोहान्सबर्गचा पाहुणा आज कोणत्याही उपाहारगृहांत जाऊन टेबल मागतो, आणि त्यास तें मिळतें. त्या टेबलाच्या मागें ग्रँड नॅशनल हॉटेलच्या पायरीवरून मुकाट्यानें परत फिरलेला एक तरुण आहे, संकोचून गिऱ्हाइकांस प्रश्न विचारणारा एक जॉन्स्टन आहे, आणि दिवसभर परक्यांस वाढून त्या एका रात्रीं आपल्या माणसांच्या मेजवानीसाठीं चूल पेटविणारे, नांवें न उरलेले वाढपी आहेत.